बोल्झानोतले वीस महिने, साडेतीन तासांत: एका पायी सहलीचा अभिप्राय

ज्या पायी सहलीविषयी हा अभिप्राय आहे, तिच्या जाहिरातीत नाझींची गुपिते वगैरे भडक शब्द होते आणि त्यामुळेच यापूर्वी दोनदा त्या शहरात जाऊनही मी ती टाळली होती. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्पसच्या कुशीत वसलेल्या बोल्झानोमध्ये, म्हणजे तिथल्या जर्मन भाषकांच्या बोझेनमध्ये, सप्टेंबर १९४३ ते मे १९४५ या वीस महिन्यांत जो जर्मन कारभार चालला, त्यात गुपित असे फारसे नव्हते. तो दोन भाषांतल्या राजपत्रात छापला जात होता, त्याला सही-शिक्का होता आणि त्यासाठी खुर्चीत बसलेली बरीचशी माणसे त्याच गावची होती. सहल जाहिरातीपेक्षा पुष्कळ शहाणी निघाली. तिचे श्रेय सर्वस्वी गाईड बाईंना जाते. आयोजकांना कोणते श्रेय द्यावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दर माणशी ३२ युरो, बसचे तिकीट वेगळे, भाषा इंग्रजी, कालावधी साडेतीन तास. गटात बाराहून अधिक माणसे नसतील असे नोंदणीच्या वेळी लिहिले होते. प्रत्यक्षात आम्ही एकोणीस जण होतो आणि कानात घालायची यंत्रे चौदाच आणली होती. गाईड या निवृत्त शिक्षिका. त्यांची मातृभाषा जर्मन, पण इटालियन त्या इतक्या सहज बोलत की वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्या लोकांशी त्यांचे बोलणे कोणत्या क्षणी कोणत्या भाषेत गेले, हे लक्षात येत नसे. ज्या शहराचा सारा इतिहास भाषेभोवती फिरला, तिथे ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही.

सुरुवात विजयस्मारकापाशी होते, आणि ती योग्यच आहे. कारण १९४३ समजून घ्यायचे तर आधी १९१८ पासूनची पंचवीस वर्षे समजून घ्यावी लागतात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तिरोल प्रांताचा दक्षिण भाग होता. १९१९ च्या सँ-जेर्मँ तहाने तो इटलीला मिळाला आणि मुसोलिनीची सत्ता आल्यावर जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची, ओढ्यांची, डोंगरांची नावे इटालियन झाली, तर मुलांना मातृभाषा शिकवण्याचे काम तळघरांतून आणि गोठ्यांतून चोरून चालू राहिले. मार्चेल्लो पियाचेन्तिनी या वास्तुविशारदाने उभारलेले हे संगमरवरी स्मारक १९२८ मध्ये राजा व्हित्तोरियो इमानुएले तिसरा याच्या उपस्थितीत खुले झाले. त्याच्या माथ्यावरच्या लॅटिन लेखाचा आशय असा, की ही पितृभूमीची सीमा आहे, येथे निशाणे रोवा, येथूनच आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला दिल्या. ज्या लोकांच्या मुलांना आपल्या भाषेत ग म भ न गिरवायला बंदी होती, त्यांच्या डोळ्यांसमोर हे वाक्य कोरलेले होते.

स्मारकाच्या पोटात २०१४ पासून एक कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. त्याचे शीर्षकच एक स्मारक, एक शहर आणि दोन हुकूमशाह्या असे सांगते. प्रवेश विनामूल्य आहे. सहलीच्या पैशांत तो धरल्यासारखे जाहिरातीत भासवले होते, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. बाहेरच्या एका खांबाभोवती विजेच्या अक्षरांचे कडे फिरते, जणू दगडाच्या बोटात कोणी अंगठी घातली आहे. स्मारक पाडावे की जपावे या वादावर इतका नेमका तोडगा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. २००१ मध्ये या चौकाचे नाव बदलून शांतता चौक करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी सार्वमताने जुने विजय चौक हे नाव परत आणले, ही हकीकतही गाईड बाईंनी कोणाचीही बाजू न घेता सांगितली. नामांतराचे वाद लहानपणापासून ऐकलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगण्याची वेगळी गरज पडत नाही.

प्रदर्शनात माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो १९३९ च्या निवडीपाशी. हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपसांत ठरवले, की दक्षिण तिरोलच्या जर्मन भाषकांनी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत एक तर जर्मन नागरिकत्व घेऊन मुलूख सोडावा, नाही तर इटलीत राहून इटालियन व्हावे. घर हवे तर भाषा जाणार आणि भाषा हवी तर घर जाणार, असा हा सौदा होता. ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांनी जर्मनीची निवड केली, पण युद्धामुळे प्रत्यक्ष गेले ते सुमारे ७५,०००. जे राहिले त्यांत दोन तट पडले: जाण्याची चिठ्ठी भरून दिलेले, आणि दाब्लायबर, म्हणजे इथेच राहू म्हणणारे. एका घरात, एका जेवणाच्या टेबलाशी ही फाळणी झाली, आणि चार वर्षांनी जर्मन फौजा आल्या तेव्हा कोणाला कचेरीत खुर्ची मिळायची आणि कोणाच्या दारावर रात्री थाप पडायची, हे बऱ्याच अंशी त्या चिठ्ठीवरून ठरले. गाईड बाई इथे थांबून म्हणाल्या, की आमच्या आजीच्या घरात हा विषय तीस वर्षे कोणी काढला नाही. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारले नाही.

आता सहलीच्या मुख्य विषयाकडे येतो. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने दोस्तांशी युद्धबंदी केल्याचे जाहीर झाले आणि १० सप्टेंबरला हिटलरच्या आदेशाने बोल्झानो, त्रेंतो आणि बेल्लुनो या तीन प्रांतांचा मिळून आल्पेनफोरलान्ट हा कारवाई विभाग तयार झाला. त्याच्या पूर्वेला ट्रिएस्टभोवती असाच दुसरा विभाग करण्यात आला. आल्पेनफोरलान्टचा सर्वोच्च आयुक्त म्हणून फ्रान्झ होफर याची नेमणूक झाली. तो आधीच सीमेपलीकडच्या तिरोल-फोरार्लबर्गचा गाउलाइटर, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, होता आणि इन्सब्रुकमध्ये बसत होता. कागदोपत्री हा मुलूख इटलीचाच राहिला. तो जर्मनीत विलीन झाल्याची घोषणा कधी झाली नाही. मुसोलिनीला उत्तर इटलीत नव्याने मांडून दिलेल्या गादीचा मान राखणे हिटलरला सोयीचे होते. मात्र मुसोलिनीच्या नव्या फॅसिस्ट पक्षाला या तीन प्रांतांत होफरने पाय रोवू दिले नाहीत, इटालियन सैन्यभरती होऊ दिली नाही, आणि कायदा म्हणजे होफरच्या सहीचा हुकूम, हे काही आठवड्यांतच सर्वांना कळून चुकले.

गटातल्या एका अमेरिकन गृहस्थांना हे काही केल्या उमगेना. मुलूख जिंकला तर खालसा का केला नाही, असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मला मात्र साताऱ्याच्या गादीवरचे छत्रपती आणि शेजारी बसलेला कंपनीचा रेसिडेंट आठवला. १८१८ नंतर नाव महाराजांचे आणि अखेरचा शब्द साहेबाचा, अशी जी व्यवस्था होती, तिचा ढाचा ज्याला ठाऊक आहे त्याला होफर आणि मुसोलिनी यांचे नाते सांगायला दोन वाक्ये पुरतात. साम्य तेवढ्यापुरतेच आहे, हेही लगेच सांगायला हवे, कारण पुढे जे आले त्याला तसले साम्य नाही.

या विभागातही सर्वांना एक माप नव्हते आणि सहलीचा सर्वांत चांगला भाग म्हणजे गाईड बाईंनी केलेली याची फोड. बोल्झानोत प्रिफेक्टच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाधिकाऱ्याच्या, खुर्चीवर पेटर होफर बसला. तो आडनावबंधू एवढाच. जर्मनीची निवड करणाऱ्यांच्या संघटनेचा तो प्रमुख होता. २ डिसेंबर १९४३ च्या हवाई हल्ल्यात तो मारला गेला आणि त्याच्या जागी कार्ल टिंट्सल हा वकील आला, जो १९२० च्या दशकात रोमच्या संसदेत होता आणि युद्धानंतर पुन्हा त्याच संसदेत निवडून गेला. त्रेंतो हा इटालियन भाषकांचा प्रांत. तिथे फ्रान्झ होफरने फॅसिस्टांना बाजूला सारून आदोल्फो दे बेर्तोलिनी या जुन्या उदारमतवादी वकिलाला आणले, म्हणजे फॅसिस्टांना कंटाळलेल्या लोकांना थोडा मोकळा श्वास मिळाल्यासारखे वाटावे आणि रेल्वेमार्ग शांत राहावा. ब्रेनर खिंडीतून उतरणारा तो लोहमार्ग इटलीतल्या साऱ्या जर्मन फौजांची जीवनरेषा होता. कारभारातला गोडवा आणि कडवटपणा दोन्ही त्या रुळांच्या हिशोबाने वाटले जात होते. सीमाही सरकवल्या गेल्या: त्रेंतोकडे असलेली आदिजे खोऱ्यातली जर्मन गावे आणि बेल्लुनोतले कोर्तिना द'आम्पेझ्झो बोल्झानोला जोडले गेले.

जर्मन भाषा शाळेत परत आली, कचेरीत आली, पाट्यांवर आली. वीस वर्षे दाबल्या गेलेल्या लोकांना यात सुटका वाटली, हे सांगताना गाईड बाई अडखळल्या नाहीत आणि त्याचे समर्थनही त्यांनी केले नाही. पण भाषा आली म्हणजे बोलण्याची मुभा आली असे नव्हते. दोलोमितेन हे जर्मन भाषेतलेच वृत्तपत्र बंद पडले, कारण ते कॅथलिक होते आणि नाझींच्या ताब्यात नव्हते. त्यामागचा मुख्य माणूस, धर्मगुरू मिखाएल गाम्पर, याला जीव वाचवण्यासाठी फ्लॉरेन्सकडे पळावे लागले. दोलोमितेनच्या जागी बोझ्नर टागब्लाट निघाले, तेही जर्मनमध्येच, फक्त वाचायला मिळे ते होफरच्या मनातले. बंदी घालणारा आणि ज्याच्यावर बंदी येते तो, दोघेही एकाच भाषेतले असले की ती बंदी ओळखायला वेळ लागतो.

इथपर्यंतचे दोन तास अप्रतिम होते. त्यानंतर आम्हाला न्यायालय चौकात नेले, जिथे फॅसिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयावर हान्स पिफ्रादरने घडवलेले ५७ फलकांचे भव्य शिल्प आहे आणि मधोमध घोड्यावर मुसोलिनी. २०१७ पासून त्यावर रात्री हाना आरेंट या विचारवंत बाईंचे वाक्य तीन भाषांत उजळते: आज्ञापालन करण्याचा हक्क कोणालाच नाही. आम्ही दुपारी दीड वाजता उभे होतो, अक्षरे जेमतेम दिसत होती, आणि चौदा यंत्रांपैकी आणखी दोन बंद पडली होती. हा थांबा संध्याकाळच्या फेरीत ठेवायला हवा, एवढी साधी गोष्ट आयोजकांना सुचू नये याचे नवल वाटते. शिवाय शिल्प मुसोलिनीच्या काळातले, आमच्या वीस महिन्यांशी त्याचा संबंध आज्ञापालनाच्या त्या एका वाक्यापुरता. तेवढ्या धाग्यावर मात्र गाईड बाईंनी बसची वाट पाहताना जे सांगितले, ते ३२ युरोंत मिळालेले सर्वांत मोलाचे होते.

६ जानेवारी १९४४ ला होफरने युद्धसेवा सक्तीची केली. व्यापलेल्या मुलखातल्या लोकांना व्यापणाऱ्याच्या सैन्यात ओढणे हे युद्धाच्या कायद्यात बसत नाही, म्हणून हुकुमाची शब्दयोजना सेवेची होती आणि सेवेत सैन्य, एसएस म्हणजे नाझी पक्षाचे सशस्त्र दल, पोलीस असे पर्याय दाखवलेले होते. राहू म्हणणारे दाब्लायबर इटालियन नागरिक होते, तेही सुटले नाहीत. पळून जाणाऱ्याला मृत्युदंड होऊ शकत होता आणि त्याच्या घरच्यांना पकडले जात होते. आई-वडील ओलीस आहेत हे ठाऊक असताना डोंगरात लपायचे की बराकीत जायचे, हे शेकडो तरुणांना ठरवावे लागले. या हुकुमाच्या आधीच, १९४३ च्या शरद ऋतूत, इथल्या माणसांतून उभ्या केलेल्या पोलीस तुकड्यांपैकी बोझेन रेजिमेंटची एक पलटण रोमला पाठवली गेली. २३ मार्च १९४४ ला व्हिया राझेल्ला या रस्त्यावर प्रतिकारकांच्या बॉम्बने तिचे ३३ जवान मेले, आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी आर्देआतिने गुहांत ३३५ जणांना गोळ्या घालून सूड घेतला. इटलीच्या स्मृतीत ती जर्मन पलटण आहे. बोल्झानोच्या आसपासच्या खेड्यांत ते कोणाचे तरी काका, कोणाचे तरी वडील होते. गाईड बाईंनी दोन्ही बाजूंचे आकडे सांगितले आणि दोन्ही आकडे एकाच तराजूत घातले नाहीत.

मग योसेफ मायर-नुसर. बोल्झानोचा कॅथलिक कार्यकर्ता, राहू म्हणणाऱ्यांपैकी एक, घरी बायको आणि लहानगा मुलगा. सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला एसएसमध्ये भरती केले आणि ४ ऑक्टोबरला प्रशियातल्या कोनिट्झच्या छावणीत त्याने सांगितले, की हिटलरच्या नावाने शपथ मी घेणार नाही. त्याला डाखाउच्या छळछावणीत नेण्यात येत होते. वाटेत एर्लांगनजवळ, रेल्वेच्या डब्यात, २४ फेब्रुवारी १९४५ ला तो उपासमारीने आणि आजाराने मेला. २०१७ मध्ये बोल्झानोच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला धन्य घोषित केले. घोड्यावरच्या मुसोलिनीखालचे वाक्य आणि हा माणूस यांचा संबंध बाईंनी शब्दांत जोडून दाखवला नाही, तो आमचा आम्हाला जोडता आला.

शहर बसने आम्ही व्हिया रेझिया या रस्त्यावर गेलो. १९४४ च्या उन्हाळ्यात, आघाडी उत्तरेकडे सरकल्यावर, दक्षिणेकडची फोस्सोली इथली कैद्यांची छावणी बंद करून इथल्या लष्करी गोदामांत पोलिसांची संक्रमण छावणी उघडण्यात आली. राजकीय कैदी, ज्यू, जिप्सी, पळालेल्या तरुणांचे नातेवाईक, असे सुमारे साडेनऊ हजार लोक दहा महिन्यांत तिच्यातून गेले. माउटहाउझेन, फ्लोसेनबुर्ग, डाखाउ, रावेन्सब्रुक, ऑशविट्झ या छळछावण्यांकडे गाड्या सुटल्या. कोठड्यांत छळ करून मारणाऱ्या रखवालदारांपैकी मिखाएल झाइफर्ट कॅनडात जाऊन राहिला होता. तो इटलीच्या ताब्यात आला २००८ मध्ये आणि २०१० मध्ये कैदेत मेला. छावणीच्या जागी आता रहिवासी इमारती आहेत. सज्जांवर कपडे वाळत घातलेले असतात, सायकली लावलेल्या असतात, आणि त्यांच्या पायाशी जुन्या कुंपणाची भिंत तेवढी उरली आहे. तिच्यापुढे काळ्या काचेची दुसरी भिंत उभारली आहे, जिच्यावर कैद्यांची नावे हळूहळू उजळतात आणि विझतात.

माझी मुख्य तक्रार इथली आहे. या भिंतीपाशी आम्हाला बारा मिनिटे मिळाली, कारण सहलीच्या शेवटी आयोजकांनी ठरवलेल्या खाणावळीत दोन वाजून चाळीस मिनिटांचे आरक्षण होते. नावे सावकाश येतात. एक नाव वाचून दुसऱ्याची वाट पाहायची असते. घड्याळाकडे बघत ते करता येत नाही. खाणावळीत डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या कापांची थाळी होती, शाकाहारी माणसाला पाव आणि चीज. त्याबद्दल एवढेच पुरे.

दुसरी तक्रार वगळण्याची. बोल्झानोपासून रेल्वेने तासाभराच्या आत मेरानो आहे. तिथल्या ज्यूंना १६ सप्टेंबर १९४३ ला, म्हणजे विभाग स्थापन होऊन आठवडाही उलटला नव्हता तेव्हा, घरांतून उचलण्यात आले. रोममधली कुप्रसिद्ध धरपकड त्यानंतर बरोबर एका महिन्याने झाली. मेरानोतून नेलेले विसाहून अधिक लोक आधी इन्सब्रुकजवळच्या राइखेनाउ छावणीत आणि पुढे ऑशविट्झला गेले. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. धरपकडीत स्थानिक जर्मन भाषकांच्या सहायक पोलिसांचा हात होता. हे सहलीत एका वाक्यात उरकले गेले, आणि बेल्लुनो प्रांताचे तर नावही फक्त नकाशावर आले. तीन प्रांतांचा विभाग एका शहरात दाखवायचा म्हटल्यावर काटछाट होणारच, पण मग जाहिरातीत संपूर्ण विभागाचा इतिहास असे छापू नये.

शेवटाविषयी एक गोष्ट मी स्वतः भर घालून सांगितली. इटलीतील जर्मन फौजांच्या शरणागतीची बोलणी करणारा एसएस जनरल कार्ल वोल्फ याचे मुख्यालय अखेरीस बोल्झानोतच होते. करारावर २९ एप्रिल १९४५ ला कासेर्ता येथे सह्या झाल्या आणि २ मे रोजी तो अमलात आला. त्या शरणागतीपर्यंत जर्मनांना रेटत आणणाऱ्या फौजांत मराठा लाइट इन्फंट्री होती. रायगडच्या यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये वरच्या तिबेर खोऱ्यात प्राण दिले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेनिओपासून शरणागतीपर्यंत अवघे तेवीस दिवस. गाईड बाईंनी वही काढून दोन्ही नावे देवनागरीत कशी लिहितात ते माझ्याकडून लिहून घेतले. शरणागतीनंतरही ३ मे रोजी बोल्झानोच्या कारखान्यांच्या वस्तीत गोळीबार होऊन माणसे मेली, हे मग त्यांनी मला सांगितले. ते सहलीच्या टिपणात नव्हते.

पाचपैकी साडेतीन तारे. गाईडला पाच, आयोजकांना दोन, असा तो हिशोब आहे. जाणार असाल तर नोंदणी करताना जर्मन मातृभाषेच्या स्थानिक गाईड आहेत का हे विचारा, स्वतःच्या कानात बसणारी हेडफोनची जोडी न्या, आणि स्मारकाखालचे प्रदर्शन आदल्या दिवशी स्वतंत्रपणे, किमान दीड तास काढून पाहा. जेवणाचा भाग वगळून पैसे कमी होतात का, तेही विचारा. आम्हाला नाही म्हणाले, पण पुढच्या गटातल्या एका कुटुंबाला सवलत मिळाल्याचे कळले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच बसने पुन्हा व्हिया रेझियाला गेलो. रस्त्यावर शाळेत जाणारी मुले होती. काचेवर उजळलेली अकरा नावे वाचून झाली, तेवढ्यात परतीच्या गाडीची वेळ झाली.